आरोप झाल्यावर आधी काय, मग काय: ऑटिस्टिक प्रौढांसाठी

आरोप झाला की आपल्यापैकी बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर जागच्या जागी सगळं सांगून टाकतात, अगदी सकाळी उठल्यापासूनचं. नाहीतर तोंडून शब्दच फुटत नाही. दोन्हींचा शेवट सारखाच होतो: हा काहीतरी लपवतोय अशी समोरच्याची खात्री पटते. मी स्वतः ऑटिस्टिक आहे. निदान 36व्या वर्षी झालं. त्यानंतर फोंडा, म्हापसा, मडगावकडच्या आपल्यासारख्या काही जणांशी बोलत आलो, आणि प्रत्येकाच्या हकिकतीत तेच दिसलं. माणसं खरंच सांगतात, पण चुकीच्या क्रमाने सांगतात. म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे.

‘ऑटिस्टिक’साठी मराठीत वापरला जाणारा ‘स्वमग्न’ हा शब्द मी मुद्दाम वापरत नाही. तो ऐकला की लोकांना वाटतं, हा स्वतःतच गुंग, याला दुसऱ्याची फिकीर नाही. आपल्यावर होणाऱ्या आरोपांतला निम्मा आरोप नेमका हाच असतो, तो नावातच कशाला घालायचा?

## पूर्वतयारी: काही घडलेलं नसताना

ही तयारी आरोपाच्या दिवशी होत नाही. त्या दिवशी आपल्याला फोनमधला नंबरसुद्धा सापडत नाही.

पाठीराखा ठरवा. एकच माणूस, फार तर दोन. बहीण, मित्र, वहिनी, जुने शिक्षक, कोणीही चालेल. तुमच्यावर माया असणं पुरेसं नाही. फोनवर ‘मी आरोपात अडकलोय’ म्हटलं की जो आधी ‘तू काय केलंस?’ न विचारता ‘कुठे आहेस?’ विचारेल, तो माणूस निवडा. तो शांत बोलणारा हवा. तुमच्या वतीने भांडायला जाणारा नको, त्याने प्रकरण वाढतं. त्याला आजच सांगून ठेवा, आणि त्याचा नंबर फोनमध्ये सगळ्यांत वर ठेवा.

एका पानाची माहिती लिहून ठेवा. त्यात निदानाचा इतिहास नको. समोरच्याला आत्ता काय दिसेल आणि त्याचा अर्थ काय, एवढंच हवं. माझं पान असं आहे:

‘मी ऑटिस्टिक आहे. ताण आला की मी डोळ्यांत बघत नाही, कधीकधी हसतो, हात चोळतो. याचा अर्थ मी खोटं बोलतोय असा नाही. एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि उत्तराला वेळ द्या. प्रश्न लिहून दिला तर मी जास्त नीट उत्तर देऊ शकतो. मोठ्या आवाजात मला बोलता येत नाही. या व्यक्तीला फोन करा: …’

मराठीत एक प्रत, इंग्रजीत एक. पाकिटात घडी करून आणि फोनमध्ये फोटो काढून, अशी दोन्हीकडे.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचं काम उरकून घ्या. दिव्यांगजन हक्क अधिनियम 2016 मध्ये 21 प्रकारची अपंगत्वं धरली आहेत, त्यांत ऑटिझम आहे. केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र, काढायचं असतं. ऑटिझमचं मोजमाप ‘इसा’ या भारतीय चाचणीने करतात. तिच्यात 40 मुद्दे असतात आणि 70 किंवा जास्त गुण आले तर ऑटिझम धरतात. तपासणीची सोय गोव्यात बांबोळीला आहे. गोवा मेडिकल कॉलेज आणि मानसोपचार संस्था, म्हणजे आयपीएचबी, तिथेच आहेत. प्रौढपणी गेलात तर लहानपणचं सांगणारं कोणीतरी बरोबर न्या. आई, आत्या, मोठा भाऊ, कोणीही. शाळेच्या प्रगतिपुस्तकातले शेरे असतील तर तेही न्या. ‘हुशार आहे पण वर्गात मिसळत नाही’ हा एक शेरा माझ्या कामी आला.

> लक्षात ठेवा: प्रमाणपत्रावर अपंगत्वाचे टक्के लिहिलेले असतात. त्यातली 40 टक्क्यांची अट आरक्षण आणि काही योजनांसाठी आहे. भेदभाव होऊ नये आणि वाजवी सोय मिळावी हा हक्क त्या टक्क्यांवर अवलंबून नाही. टक्के कमी आले म्हणून कागद फेकून देऊ नका.

## टप्पा 1: पहिली दहा मिनिटं

या दहा मिनिटांत एकच काम करायचं. वेळ मागून घ्यायचा.

आधी माझी गोष्ट सांगतो, कारण यात मी सगळं चुकवलं होतं. आमच्या गावच्या देवळात जत्रेच्या दुसऱ्या दिवशी देणग्यांचा हिशेब चालू होता. सभामंडपात चटई, तीवर नोटांची बंडलं, बाजूला पावतीपुस्तकं, डोक्यावर कर्णा. मी शंभराच्या नोटा लावत होतो. कर्ण्याचा आवाज चिरकायला लागला, कानात सुई गेल्यासारखं झालं, आणि मी कोणालाही न सांगता उठून तळीच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. परत आलो तेव्हा हिशेबात 2,000 रुपये कमी भरत होते. ‘तू मध्येच उठून का गेलास रे?’ खजिनदारकाकांनी विचारलं. मी हसलो. भीती वाटली की माझ्या चेहऱ्यावर हसू येतं, लहानपणापासून. मग म्हणालो, ‘सॉरी, माझी चूक झाली.’

न सांगता उठलो ही माझी चूक, असं मला म्हणायचं होतं. चटईवरच्या सहा जणांनी पैसे घेतल्याची कबुली ऐकली.

मराठीत तीन म्हणी आहेत: खाई त्याला खवखवे, चोराच्या मनात चांदणं, कर नाही त्याला डर कशाला. तिन्ही एकच शिकवतात, की अपराध माणसाच्या अंगावर दिसतो. हे समाजाच्या हाडीमाशी भिनलेलं आहे. आपल्या बाबतीत ते साफ चुकतं, पण त्या क्षणी चटईवर बसून ते कोणाला समजावता येत नाही. म्हणून समजावायला जाऊच नका. पुढच्यापैकी एक वाक्य पाठ करून ठेवा:

- ‘तुम्ही म्हणताय ते गंभीर आहे. मला विचार करून उत्तर द्यायचंय. उद्या अकरा वाजता बोलू या.’
- ‘आत्ता मला नीट बोलता येत नाहीये. मी लिहून देतो.’
- कोकणीत बोलणं चालू असेल तर: ‘म्हाका इल्लो वेळ जाय. हांव बरोवन दितां.’ (मला थोडा वेळ हवा. मी लिहून देतो.)

तिन्ही वाक्यांत ‘हो’ नाही, ‘नाही’ नाही आणि माफीही नाही. ते तसंच राहू द्या. परतीची वेळ मात्र सांगाच. वेळ न सांगता निघून गेलात तर त्याला लोक पळून जाणं म्हणतात.

शब्दच फुटत नसतील तर फोनवर टाइप करून दाखवा. वाक्य आधीच नोट्समध्ये लिहून ठेवलेलं असेल तर नुसता स्क्रीन पुढे धरला तरी भागतं.

> खबरदारी: या दहा मिनिटांत ‘सॉरी’ म्हणू नका. शांतता पसरावी म्हणून माफी मागायची सवय आपल्यातल्या अनेकांना लहानपणी मार आणि ओरडा खाऊन लागलेली असते. आरोपाच्या वेळी ती कबुली ठरते. कशाबद्दल सॉरी ते पूर्ण वाक्यात सांगता येत नसेल तर शब्द उच्चारू नका.

## टप्पा 2: आरोप एका वाक्यात लिहून घ्या

हा टप्पा जवळजवळ प्रत्येक जण गाळतो, आणि पुढचं सगळं इथेच बिघडतं.

‘तू वागतोस कसा ते बघ’, ‘सगळ्यांना त्रास होतो तुझा’, ‘तुला माहीत आहे तू काय केलंस’ ही वाक्यं म्हणजे आरोप नव्हेत, राग आहे. त्यांना उत्तर देता येत नाही. तरी आपण द्यायला जातो, आणि त्यांच्या मनातही नसलेल्या चार गोष्टींची कबुली देऊन बसतो. शांतपणे विचारा, शक्यतो लिहून: ‘मी नेमकं काय केलं असं तुमचं म्हणणं आहे? कधी आणि कुठे?’

आपल्याकडे चौकशी चार भाषांत होते हे विसरू नका. एकाच मीटिंगमध्ये साहेब इंग्रजीत, हेडक्लार्क मराठीत, शेजारची बाई कोकणीत आणि सुरक्षारक्षक हिंदीत बोलतो, आणि वाटेत ‘ध’चा ‘मा’ होतो. माझ्या ओळखीच्या एका मुलीवर ‘वरिष्ठांचा अपमान केला’ असा ठपका आला होता. ती घरी कोकणी बोलणारी. कोकणीत आई, आजोबा, शेजारचे काका, सगळ्यांना ‘तूं’ चालतं. ती मराठीतही साहेबांना ‘तू चुकीचा आकडा घेतलास’ म्हणाली, तेही सगळ्यांसमोर. आकडा खरोखरच चुकीचा होता. तिला वाटलं वाद आकड्याचा आहे, म्हणून तिने पुन्हा आकड्याचाच पुरावा पाठवला. साहेबांचा राग ‘तू’वर आणि चारचौघांत चूक दाखवण्यावर होता. आरोप नेमका काय हे कोणी लिहूनच घेतलं नव्हतं. पंधरा दिवस दोघं वेगवेगळ्या गोष्टींवर भांडत राहिले.

लिहून घेतलेलं वाक्य आरोप करणाऱ्याला परत वाचून दाखवा: ‘तुमचं म्हणणं मी असं समजलोय. बरोबर आहे का?’ तो ‘हो’ म्हणेपर्यंत पुढे जाऊ नका.

> तपासा: वाक्यात कोण, काय, कधी, कुठे, हे चारही आहे का? ‘नेहमी’, ‘सारखं’, ‘सगळ्यांना’ यांपैकी शब्द आला असेल तर एक ठोस प्रसंग मागा.

## टप्पा 3: त्याच दिवशी आठवण कागदावर

झोपण्याआधी लिहा. रात्रभरात आपलं मन तोच प्रसंग शंभरदा फिरवतं, आणि सकाळी खरं घडलेलं कुठलं आणि आपण मनात जोडलेलं कुठलं हे वेगळं करता येत नाही.

कागदाचे तीन उभे रकाने करा. पहिल्यात काय घडलं, म्हणजे कॅमेऱ्याला दिसलं असतं तेवढंच. दुसऱ्यात त्यांना काय वाटलं असावं. तिसऱ्यात माझ्या मनात काय होतं. माझा देवळातला कागद असा झाला असता. पहिला: 11 च्या सुमारास उठलो, तळीवर गेलो, पंधरा मिनिटांनी आलो. दुसरा: पैसे खिशात घालून बाहेर ठेवून आला. तिसरा: कर्णा सहन झाला नाही. नुसतं लिहून काढलं तरी कळतं की तिसरा रकाना फक्त मला ठाऊक होता. जगाला पहिला दिसत होता, आणि दुसरा त्यांनी स्वतः भरला.

दुसरा रकाना आपल्याला अवघड जातो. तिथे पाठीराख्याला विचारा: ‘तू तिथे असतास आणि मला ओळखत नसतास तर तुला काय वाटलं असतं?’ त्याचं उत्तर टोचलं तरी लिहा.

त्याच दिवशी आणखी तीन कामं करा:

1. संबंधित मेसेज, मेल, कॉलची यादी यांचे स्क्रीनशॉट काढा. काहीही डिलीट करू नका, लाज वाटेल असा मेसेजसुद्धा. डिलीट केलेल्या एका मेसेजमुळे बाकीच्या पन्नासांवरचा विश्वास उडतो.
2. जागेवर सीसीटीव्ही असेल तर चित्रण राखून ठेवण्याची लेखी विनंती करा. जुन्या चित्रणावर काही दिवसांत नवं चढतं.
3. त्या वेळी तिथे कोण कोण होतं ती नावं लिहा. त्यांना फोन करू नका, नुसती नावं.

> खबरदारी: आरोप करणाऱ्या व्यक्तीला ‘समजावून सांगायला’ रात्री मेसेज पाठवू नका, घरी जाऊ नका, तिच्या मैत्रिणीकडून निरोप धाडू नका. आपल्याला गैरसमज दूर करण्याची निकड वाटते, आणि ती प्रामाणिक असते. समोरून तो पाठलाग किंवा दबाव दिसतो. मूळ आरोप विरून गेला आणि माणूस या दुसऱ्याच गोष्टीत अडकला, असं मी दोनदा जवळून पाहिलंय.

## टप्पा 4: यात खरं किती?

हे स्वतःशी करायचं आहे, आणि यात पळवाट नको. प्रत्येक आरोप गैरसमज नसतो. ऑटिस्टिक असल्यामुळे हेतू नव्हता हे खरं असू शकतं, आणि समोरचं माणूस दुखावलं हेही त्याच वेळी खरं असू शकतं. मी बोलत असताना एखादी सहकारी मागे मागे सरकत होती आणि मला ते कळलं नाही, तर माझ्या न कळण्याने तिची भीती खोटी ठरत नाही.

पहिल्या रकान्याकडे बघून ठरवा. घडलेलं मान्य आहे पण अर्थ वेगळा होता, तर तो गैरसमज. घडलं आणि त्याने दुखावलं, तर हेतू काहीही असो, दुरुस्ती आपल्याकडे लागते. घडलंच नाही, तर आरोप खोटा किंवा चुकीच्या माणसावर. पुष्कळदा एकाच आरोपात तिन्हींचे तुकडे असतात. ते सुटे करून समोर वेगळे लिहा, कारण उत्तरही वेगवेगळं द्यायचंय.

गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो, हे इंग्लंडमधले ऑटिस्टिक संशोधक डेमियन मिल्टन यांनी 2012 साली मांडलं. आपल्याला इतरांचं मन वाचता येत नाही तसं इतरांनाही आपलं वाचता येत नाही. माझ्या जिवाला याने आधार मिळाला. उत्तरात मात्र हे लिहू नका. चिडलेल्या माणसाला सिद्धांत ऐकवला की तो आणखी चिडतो.

## टप्पा 5: उत्तर लिहा

तोंडी द्यायचं असलं तरी आधी लिहा. क्रम असा ठेवा आणि मोडू नका:

एक. त्यांनी सांगितलेला आरोप, त्यांच्याच शब्दांत.
दोन. काय घडलं, पहिल्या रकान्यातलं. मान्य ते मान्य, अमान्य ते ‘हे घडलं नाही’, स्पष्ट.
तीन. दुखावलं असेल तर नेमक्या कृतीची माफी.
चार. कारण, जास्तीत जास्त दोन वाक्यं.
पाच. पुढे मी काय करीन आणि मला काय सोय हवी.

आपण चार नंबर पहिला घेतो. तिथेच फसतो. कारण आधी सांगितलं की ते निमित्त वाटतं. तेच कारण घडलेल्याच्या मागून आलं की खुलासा वाटतो.

माझ्या पहिल्या पत्राची सुरुवात ‘मला लहानपणापासून मोठ्या आवाजाचा त्रास आहे’ अशी होती आणि ते चार पानी होतं. बहिणीने वाचलं आणि म्हणाली, ‘यात पैशांबद्दल तिसऱ्या पानावर आलंय रे.’ मग तिने आणि मी मिळून हे केलं:

‘हिशेबात 2,000 रुपये कमी आहेत आणि ते मी घेतले असावेत असं आपलं म्हणणं आहे. मी पैसे घेतलेले नाहीत. मी 11 च्या सुमारास मोजणी सोडून तळीवर गेलो, तेव्हा माझ्यासमोरचं बंडल चटईवरच होतं. न सांगता उठलो याबद्दल मी दिलगीर आहे. ‘माझी चूक झाली’ हे मी त्याबद्दल म्हणालो होतो. मी ऑटिस्टिक आहे आणि कर्ण्याचा आवाज मला सहन होत नाही. माझ्या उपस्थितीत पावत्या आणि रोकड पुन्हा जुळवून पाहावी ही विनंती.’

नऊ ओळींच्या आत. पाठवण्याआधी एक रात्र जाऊ द्या, आणि पाठीराख्याला वाचायला द्या.

> तपासा: ‘मला असं म्हणायचं नव्हतं’ हे वाक्य एकापेक्षा जास्त वेळा आलंय का? इतरांच्या चुका मोजल्यात का? ‘तुम्हाला वाईट वाटलं असेल तर माफ करा’ असं लिहिलंय का? शेवटचं तर काढाच. ती माफी होत नाही, आणि ऐकणाऱ्याला टोचते.

## टप्पा 6: आरोप कुठे झाला त्यावरून

घर, वाडा, गावची समिती. इथे कागदापेक्षा माणूस चालतो. गोव्यातलं गाव लहान असतं, संध्याकाळपर्यंत गोष्ट दुकानापासून बसस्टॉपपर्यंत पोचते. प्रत्येकाला खुलासा देत फिरू नका. ज्याचं गावात ऐकतात अशा एकाच माणसाकडे पाठीराख्याला घेऊन जा, लिहिलेलं वाचून दाखवा आणि परत या.

ऑफिस. तोंडी बोलावलं तर विषय काय ते मेलवर मागा. मीटिंगला सोबत कोणी असावं, प्रश्न आधी लिहून मिळावेत, खोली शांत असावी, या मागण्या म्हणजे वाजवी सोय, कोणाची मेहेरबानी नव्हे. 2016 च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक आस्थापनेने, खासगीसुद्धा, समान संधीचं धोरण जाहीर करायचं असतं (कलम 21). सरकारी कार्यालयात तक्रार निवारण अधिकारी असतो (कलम 23). तिथे दाद लागली नाही तर राज्याच्या दिव्यांगजन आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते. निदान आजवर सांगितलं नसेल तर आरोपाच्या मीटिंगमध्ये पहिल्यांदा तोंडी सांगू नका. आदल्या दिवशी मेलने कळवा, सोबत प्रमाणपत्र जोडा.

लैंगिक छळाची तक्रार. 2013 च्या कायद्याखाली 10 किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असते. तक्रारीची प्रत तुम्हाला मिळते, आणि ती मिळाल्यापासून 10 कामाच्या दिवसांत कागदपत्रं आणि साक्षीदारांच्या नावांसह उत्तर द्यायचं असतं. ही मुदत चुकवू नका. समितीपुढे वकील उभा राहू शकत नाही, पण उत्तर लिहिताना वकिलाचा सल्ला घेता येतो. सोयींची मागणी पहिल्याच पत्रात करा. तक्रारदार बाईंशी कोणताही संपर्क नको, माफीसाठीसुद्धा नको. प्रकरण गोपनीय असतं, त्यामुळे बाजू मांडायला मित्रांच्या ग्रुपवर लिहू नका. ‘ऑटिस्टिक आहे म्हणून झालं’ एवढंच उत्तर लिहिलंत तर तुम्ही घडलेलं सगळं मान्य केलंत असं वाचलं जातं. आधी टप्पा 5 मधला क्रमांक दोन लिहा.

पोलीस. इथे एकट्याने जाऊ नका. अपंगत्व असलेल्या व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन 15100 आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतल्या एवढ्या गोष्टी वहीत लिहून ठेवा:

- कलम 35(3) ची हजर राहण्याची नोटीस आली तर ती टाळू नका. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला, कारणं नोंदवल्याशिवाय, त्या गुन्ह्यात अटक करता येत नाही.
- अटक झालीच तर कारण सांगणं बंधनकारक आहे. चौकशीदरम्यान आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटता येतं (कलम 38), आणि 24 तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं.
- साक्षीदार म्हणून बोलावलं असेल तर मानसिक किंवा शारीरिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीला राहत्या ठिकाणाबाहेर यायची सक्ती करता येत नाही (कलम 179).
- तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते (कलम 181). पोच, पंचनामा असे कागद वेगळे. कशावर सही मागताहेत ते वकिलाला दाखवा.

आपल्या बाबतीत इथला धोका असा, की आपण प्रश्नाचं अक्षरशः उत्तर देतो. ‘तू तिथे असू शकतोस का?’ याला ‘हो, असू शकतो’ म्हणतो, कारण शक्यता नाकारणं आपल्याला खोटं वाटतं. त्याऐवजी म्हणा: ‘मला आठवतंय तेवढंच सांगतो.’ आठवत नसेल तर ‘आठवत नाही’. अंदाज बांधू नका, जागा भरू नका. थकलात की थांबायला सांगा, पाणी मागा. लवकर सुटावं म्हणून ‘हो’ म्हणून टाकायची ओढ दोन-तीन तासांनी येतेच. ती आली की त्याच क्षणी वकील मागायचा.

## टप्पा 7: प्रकरण शांत झाल्यावर

शरीर आधी. आरोपानंतर काही दिवस बोलणं कमी होतं, जेवण चुकतं, आवाज जास्त टोचतात. हे अपेक्षित आहे. त्या आठवड्यात लग्न, बारसं, आरती, सगळीकडची हजेरी माफ करून घ्या, आणि रोजच्या दोन ठरलेल्या गोष्टी मात्र सोडू नका. माझ्या म्हणजे सकाळी पोदेराकडून पाव घेणं आणि संध्याकाळी एकच ठरलेला रस्ता चालणं. मन फारच खाली गेलं, जगणं नको वाटलं, तर 14416 वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. तो मोफत आहे आणि कोणत्याही वेळी लागतो. बोलवत नसेल तर पाठीराख्याला फोन लावायला सांगा.

मग कागद. प्रकरण मिटलं तर ‘मिटलं’ हे लेखी मागा. ऑफिसकडून तक्रारीत तथ्य आढळलं नाही असं पत्र, समितीच्या इतिवृत्तात एक ओळ, काहीही. तोंडी ‘जाऊ दे आता, विसरून जा’ यावर थांबू नका. लोक विसरतात ते निकाल, आरोप लक्षात राहतो.

देवळातल्या हिशेबाचं असं निघालं: एक 2,000 ची पावती दोन यादींत उतरवली गेली होती. पैसे कधी कमी नव्हतेच. हे तीन आठवड्यांनी कळलं, आणि आम्हाला सांगायला कोणी आलं नाही. बहिणीने सचिवांकडे जाऊन इतिवृत्तात ती ओळ घालून घेतली. पुढच्या वर्षी मी पुन्हा मोजायला बसलो, आधी तीन गोष्टी ठरवून. कर्णा मोजणी संपेपर्यंत बंद. प्रत्येक बंडलावर चिठ्ठी, चिठ्ठीवर दोघांच्या सह्या आणि वेळ. आणि कोणीही उठलं, अगदी पाणी प्यायला, तर आपलं बंडल शेजारच्याच्या हातात देऊन ‘उठतोय’ असं मोठ्याने म्हणायचं. तिसरी गोष्ट मी माझ्यासाठी मागितली होती. खजिनदारकाकांनी ती सगळ्यांना लावली.